उत्तर न मागणारी पत्रे

आत्महत्येचा प्रयत्न केलेली किंवा तीव्र नैराश्याने ग्रासलेली व्यक्ती रुग्णालयातून घरी परतली, की आता धोका टळला असे समजून आसपासची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. प्रत्यक्षात त्यानंतरचे पहिले काही आठवडे आणि महिनेच सर्वाधिक जोखमीचे असतात. नेमके त्याच काळात भेटायला येणारे कमी होतात, कारण काय बोलावे हे कोणालाच सुचत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोतील मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी १९६९ मध्ये या पोकळीवर एक प्रयोग सुरू केला. घरी गेल्यावर पुढील उपचार नाकारलेल्या किंवा अर्ध्यावर सोडलेल्या ८४३ जणांची त्यांनी कोणतीही निवड न करता दोन गटांत विभागणी केली. एका गटाशी संपर्क ठेवला नाही. दुसऱ्या गटातील प्रत्येकाला, रुग्णालयात त्याच्याशी प्रत्यक्ष बोललेल्या व्यक्तीकडून, पाच वर्षांत एकूण २४ छोटी पत्रे पाठवण्याचे ठरले. त्या पत्रांत उपदेश नव्हता आणि उपचारांची चौकशीही नव्हती. तुमची आठवण आहे, वाटले तर कळवा, एवढाच त्यांचा आशय असे. पत्रे मिळणाऱ्यांमध्ये आत्महत्येचे प्रमाण कमी राहिले आणि पहिल्या दोन वर्षांत हा फरक विशेष ठळक होता. पुढच्या काळातील अशा सर्वच प्रयोगांत इतका स्पष्ट परिणाम दिसला नाही, आणि पत्र हा उपचारांना पर्याय नव्हेच. तरीही उपचारांपासून दुरावलेल्या माणसापर्यंत एवढ्याशा ओळी पोहोचू शकल्या, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आपल्याला अडवते ती बहुधा एक भीती: विषय काढला तर नसलेला विचार मनात येईल. उपलब्ध संशोधन या भीतीला दुजोरा देत नाही. जीव द्यावासा वाटतो का, असे शांतपणे आणि थेट विचारल्याने असे विचार वाढत नाहीत. उलट अनेकांना मन मोकळे करता येते. उत्तर होकारार्थी आले, तर त्या व्यक्तीला एकटे न सोडता तातडीने डॉक्टरांची किंवा मदतवाहिनीची मदत घ्यावी.

मृत्यू घडून गेल्यानंतर मागे राहिलेल्यांना आधार देणे हेही प्रतिबंधाचेच काम आहे, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन मांडत असत, कारण अशा आप्तांमध्ये आत्महत्येची जोखीम वाढलेली असते. म्हणून त्या घरी कारणांची उलटतपासणी टाळावी, गेलेल्या माणसाचे नाव मात्र टाळू नये, आणि पहिल्या भेटीनंतर काही महिन्यांनी पुन्हा जावे.