उसनी चाल : युरोपीय सुरावटींवरची लोकप्रिय गाणी

जुन्या युरोपीय गाण्याची किंवा वाद्यरचनेची चाल घ्यायची, तिच्यावर नवे शब्द बसवायचे आणि ते गाणे नवे म्हणून बाजारात आणायचे, ही रीत विसाव्या शतकात अमेरिकेत विशेष फोफावली. मराठी वाचकाला ती परकी वाटू नये. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ गाण्याचे पहिले शब्द देत. नाटककार उसनवारी अशी उघड सांगत. रेकॉर्डवर मात्र मूळ संगीतकाराचे नाव पुष्कळदा गळालेले असे.

या रीतीचा ठळक नमुना म्हणजे ‘ओ सोले मिओ’. १८९८ सालच्या या गाण्याचे शब्द जोवान्नी कापुर्रो यांचे, नेपल्सच्या बोलीतले. चाल एदुआर्दो दी कापुआ यांची. नावातला ‘ओ’ ही सूर्याला घातलेली हाक आहे असे अनेकांना वाटते. ती हाक नव्हे. त्या बोलीत नामाआधी लागणारे ते उपपद आहे. अर्थ एवढाच : माझा सूर्य. वादळ सरल्यावरची हवा, लख्ख ऊन आणि त्याहून देखणा, प्रेयसीच्या चेहऱ्यावरचा दुसरा सूर्य, असे हे गाणे.

१९४९ मध्ये टोनी मार्टिन यांनी याच चालीवर ‘देअर्स नो टुमॉरो’ हे इंग्रजी गाणे गायले. ते अमेरिकी गायक एल्विस प्रेस्ली यांच्या मनात घर करून राहिले. जर्मनीत लष्करी सेवेत असताना त्यांनी या चालीसाठी नवे शब्द हवेत असे सुचवले. एरन श्रोडर आणि वॉली गोल्ड यांनी ते लिहिले. एप्रिल १९६० मध्ये नॅशव्हिल येथे मुद्रित झालेले ‘इट्स नाउ ऑर नेव्हर’ अमेरिकेत ५ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ऊन आणि वादळ जाऊन तिथे ‘आज नाही तर कधीच नाही’ अशी प्रियकराची घाई आली. चाल राहिली, सूर्य मावळला! मूळ चालीच्या हक्कांच्या अडचणीमुळे ब्रिटनमध्ये हे गाणे काही महिने उशिरा निघाले. हक्कांचा प्रश्न पुढेही मिटला नाही : २००२ मध्ये तुरिनच्या न्यायालयाने आल्फ्रेदो माझुक्की यांनाही चालीचे सहकर्ते मानले. ते १९७२ मध्ये वारले आणि हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतात, त्यामुळे हक्कांची मुदत २०४२ पर्यंत लांबली.

या उसनवारीमागे बरेचदा साधा हिशेब असे. कर्ता मरून पुरेशी वर्षे लोटली की चाल फुकट मिळते, शिवाय ती लोकांच्या कानांवर पारखलेली असते. १७८४ च्या ‘प्लेझीर दामूर’ या झां-पॉल मार्तिनी यांच्या फ्रेंच गीताचे १९६१ मध्ये प्रेस्ली यांच्याच आवाजात ‘कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह’ झाले. कधी हिशेब चुकेही. एरिक कारमेन यांनी १९७५ च्या ‘ऑल बाय मायसेल्फ’साठी रशियन संगीतकार रखमानिनोव्ह यांच्या दुसऱ्या पियानो कन्चेर्टोतली (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेतली) चाल मोकळी समजून घेतली. अमेरिकेबाहेर ती मोकळी नव्हती. वारसांशी मानधनाच्या १२ टक्क्यांवर समझोता करावा लागला.

चाल नुसती उचलून भागत नाही, तिचे वजन बदलावे लागते. क्रिस्टियन पेट्झोल्ड यांचा, दीर्घकाळ जर्मन संगीतकार बाख यांच्या नावावर खपलेला मिन्युएट (दरबारी नृत्याची रचना) तीन मात्रांच्या ठेक्यात आहे. १९६५ च्या ‘अ लव्हर्स कन्चेर्टो’मध्ये तो चार मात्रांत आणला गेला. स्वर जवळपास तेच. दरबारी पदन्यास गेला आणि चालत-चालत गुणगुणावे असे काही हाती आले.

मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात हा व्यवहार आणखी सैल होता. वाद्यवृंदांतले अनेक गोवेकर वादक स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी, सहज वाचत, त्यामुळे पाश्चात्त्य रचना इथे नुसत्या ऐकीव नव्हत्या. ‘छाया’ (१९६१) मधील ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’साठी सलिल चौधरी यांनी मोझार्ट यांच्या ४० व्या सिम्फनीच्या आरंभीची सुरावट घेतली. मूळची तगमग तलत महमूद आणि लता मंगेशकर यांच्या आवाजांत मवाळ होते, आणि अंतऱ्यात तर चाल मोझार्टचा हात सोडून सरळ स्वतःच्या वाटेने निघते.