बेवॉच : बंद पडलेल्या मालिकेचा जगप्रवास

समुद्रकिनाऱ्यावरील जीवरक्षकांवर बेतलेल्या ‘बेवॉच’ या अमेरिकन मालिकेचा विषय निघाला की लाल पोशाख आणि संथ गतीने धावणारी माणसे एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते, आणि या मालिकेच्या प्रभावाविषयीचे बरेचसे लेखनही तेवढ्याशीच घुटमळत राहते. ती जगभर का पोहोचली याचा शोध घ्यायचा, तर १९९० ते १९९२ या दोन-तीन वर्षांतील दूरचित्रवाणीचा व्यवहार आधी पाहावा लागतो. त्याकडे सहसा कोणी वळत नाही.

मालिकेची कल्पना लॉस एंजेलिस परगण्यातील एका नोकरीवरच्या जीवरक्षकाची होती आणि ती घेऊन त्याने अनेक वर्षे निर्मात्यांचे उंबरठे झिजवले होते. एप्रिल १९८९ मध्ये दूरचित्रपटाच्या रूपात आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून साप्ताहिक मालिका म्हणून ती अमेरिकेतील एका मोठ्या राष्ट्रीय वाहिनीवर दिसू लागली. पहिल्या हंगामाअखेर १०३ कार्यक्रमांच्या क्रमवारीत ती ७३ वी होती. त्यातच निर्मिती करणाऱ्या कंपनीने गाशा गुंडाळला आणि १९९० मध्ये वाहिनीने मालिका बंद केली. अमेरिकन दूरचित्रवाणीत एका हंगामात गुंडाळलेल्या मालिका पोत्याने सापडतात आणि त्यांची नावेही पुढे कोणाला आठवत नाहीत.

या मालिकेचे तसे झाले नाही, कारण तिच्या कर्त्यांनी हक्क परत मिळवले, प्रमुख अभिनेता निर्मितीत भागीदार झाला आणि १९९१ च्या सप्टेंबरमध्ये ती राष्ट्रीय वाहिनीला वगळून थेट स्थानिक केंद्रांना विकली जाऊ लागली. अमेरिकेत प्रत्येक शहराची स्वतःची केंद्रे असतात. राष्ट्रीय वाहिनी त्यांना दिवसाचे ठरावीक तास पुरवते आणि उरलेले तास केंद्रांना बाहेरून कार्यक्रम विकत घेऊन भरावे लागतात. या बाजारात तोपर्यंत मुख्यतः जुन्या मालिकांची पुनःप्रक्षेपणे, प्रश्नमंजूषा आणि गप्पांचे कार्यक्रम चालत. नवी, खर्चिक कथामालिका तेथे चालू शकते हे १९८७ साली सुरू झालेल्या एका विज्ञानकथा मालिकेने नुकतेच दाखवून दिले होते. अशा व्यवहारात केंद्राकडून रोख रक्कम कमी घेतली जाई आणि त्या बदल्यात कार्यक्रमातील जाहिरातींची काही मिनिटे विक्रेत्याकडे राहत. ही मिनिटे विकूनही खर्च पुरता निघत नसल्याने उरलेला भार परदेशी खरेदीदारांवर टाकण्यात आला. युरोपातील वाहिन्यांचा पैसा हा वरकमाईचा भाग राहिला नाही, तो अंदाजपत्रकाचा आधार झाला.

परदेशी पैशावर उभ्या राहिलेल्या कार्यक्रमाचे रूपही त्यानुसार बदलते. एका भागावरचा खर्च पहिल्या हंगामाच्या तुलनेत बराच कमी करावा लागला. बंदिस्त सेटवरची दृश्ये आणि लांबलचक संवाद यांच्यापेक्षा उघडा किनारा, फुकटचा सूर्यप्रकाश आणि पार्श्वसंगीतावर चालणारे दृश्यांचे तुकडे स्वस्त पडत. नेहमीपेक्षा अधिक वेगाने चित्रित केलेली फिल्म पडद्यावर संथ दिसते आणि त्यामुळे काही सेकंदांचे धावणे अर्धे मिनिट व्यापू शकते. संथ गतीचा इतका वापर निव्वळ काटकसरीतून आला असे म्हणणे थोडे अतिशयोक्त होईल, पण ती सोय निर्मात्यांच्या पथ्यावर पडली हे खरे. शिवाय संवाद कमी म्हणजे डबिंगही सोपे. जर्मन आणि फ्रेंच भाषांत मालिकेच्या नावात मालिबू हे गाव आले, मूळ इंग्रजी शीर्षकातील शब्दखेळ गळून पडला आणि त्यामुळे कोणाचे काही अडले नाही.

या विक्रीची वेळही नेमकी साधली गेली. पश्चिम जर्मनीत १९८४ पासून खासगी वाहिन्या सुरू झाल्या होत्या, स्पेनमध्ये त्या १९९० मध्ये आल्या आणि पूर्व युरोपातील सरकारी मक्तेदाऱ्या १९८९ नंतर एकेक करून सैल झाल्या. या सगळ्या नव्या वाहिन्यांना दिवसाचे तास भरायचे होते आणि स्वतःच्या मालिका काढण्याइतका पैसा त्यांच्यापाशी नव्हता. ऑक्टोबर १९८९ मध्ये युरोपीय समुदायाने ‘शक्य असेल तेथे’ निम्म्याहून अधिक वेळ युरोपीय कार्यक्रमांना द्यावा असा निर्देश काढला आणि १९९३ च्या जागतिक व्यापार वाटाघाटींत चित्रपट व दूरचित्रवाणीला वेगळी वागणूक मिळावी म्हणून फ्रान्सने आग्रह धरला. अमेरिकन मालिकांच्या लोंढ्याविषयीच्या या वादात ‘बेवॉच’ हे हाताशी असलेले सोयीचे उदाहरण होते. गंभीर चर्चेला आवश्यक असणारा सगळा उथळपणा त्यात आयता उपलब्ध होता.

येथे एका आकड्याचा नीट विचार करणे आवश्यक आहे, कारण मालिकेविषयीच्या जवळजवळ प्रत्येक लेखात तो येतो. १९९६ साली विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या प्रसिद्ध वार्षिक ग्रंथाने ‘बेवॉच’ला जगात सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका ठरवले. १४२ देशांत दर आठवड्याला अंदाजे ११० कोटी प्रेक्षक, असा तो दावा होता. त्या वर्षी जगाची लोकसंख्या सुमारे ५८० कोटी होती. म्हणजे तान्ही मुले, वीज नसलेली खेडी आणि दूरचित्रवाणी संच नसलेली घरे धरून जगातील दर पाच-सहा माणसांपैकी एक जण दर आठवड्याला ही मालिका पाहत होता, असे मानावे लागते. चीन आणि भारत मिळून तेव्हा सुमारे २१५ कोटी लोक होते आणि या दोन्ही देशांत परदेशी वाहिन्यांची पोहोच शहरांपुरती, तीही ठरावीक वस्त्यांपुरती होती. हे दोन देश जवळपास बाजूला ठेवले तर उरलेल्या जगातील सुमारे तीस टक्के लोक दर आठवड्याला पडद्यासमोर बसले पाहिजेत. खुद्द मायदेशात जी मालिका राष्ट्रीय लोकप्रियतेच्या पहिल्या फळीत कधीही नव्हती, तिच्याबाबत हे पटणे कठीण आहे.

आकडा फुगतो तो मोजणीच्या पद्धतीमुळे. श्रीमंत देशांत निवडक घरांतील संचांना यंत्रे जोडून प्रेक्षक मोजले जात, इतरत्र रोजनिशी भरून घेतली जाई आणि अनेक देशांत मोजणीच नव्हती. वाहिनी ज्या घरांत दिसू शकते ती सगळी घरे, त्या घरांतील सगळी माणसे आणि त्यांनी तो कार्यक्रम प्रत्यक्ष पाहणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. १४२ देशांतील अंदाजांची बेरीज करताना त्या एकमेकींत मिसळल्या की अब्जाच्या पुढचा आकडा सहज तयार होतो. तो विक्रेत्याला हवा असतो, कारण पुढच्या खरेदीदाराशी भाव ठरवताना तो टेबलावर ठेवता येतो. वर्तमानपत्रांना तो मथळ्यासाठी हवा असतो. विक्रमांच्या ग्रंथातही तो ‘अंदाजे’ म्हणूनच आला होता, पण नंतरच्या उल्लेखांतून तो शब्द गळाला. पुढे प्रसिद्धिपत्रकांत देशांची संख्या दोनशेच्या वर गेली. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य आज १९३ आहेत.

मालिका प्रचंड पाहिली गेली याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती एवढीच की, तिच्या प्रभावाचा पुरावा म्हणून हाच आकडा पुढे केला जातो, आणि जेथे प्रेक्षक थोडे होते पण परिणाम मोठा होता अशा ठिकाणांकडे दुर्लक्ष होते.

भारत हे त्याचे चांगले उदाहरण आहे. हाँगकाँगहून चालणाऱ्या उपग्रह वाहिन्या १९९१ पासून येथे दिसू लागल्या, गल्लोगल्ली केबलवाल्यांनी गच्च्यांवर छत्र्या उभारल्या आणि दूरदर्शनच्या एकछत्री कारभाराला पहिला तडा गेला. ‘बेवॉच’ पाहणारा वर्ग शहरी आणि बऱ्यापैकी इंग्रजी समजणारा होता. मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय घरांत संच बाहेरच्या खोलीत असे, म्हणजे आजोबा, पाहुणे आणि शिकवणीची मुले जेथे बसत त्याच खोलीत. मालिका सुरू असताना कोणी मोठे माणूस आत आले की रिमोटकडे हात जाई आणि क्षणार्धात बातम्या लागत. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या यंत्राला हे दिसले नसते, पण घरातील संचावर काय दिसावे याविषयीची पुढच्या दशकातील सारी चर्चा याच खोलीत सुरू झाली. १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी कायद्याने सुरुची आणि सभ्यतेचा निकष घालून दिला. १९९६ साली बेंगळुरूत जागतिक सौंदर्यस्पर्धा भरली तेव्हा विरोधामुळे पोहण्याच्या पोशाखातील फेरी सेशेल्समध्ये घ्यावी लागली. त्याच काळात समुद्रकिनाऱ्यावरचे तेच पोशाख दर आठवड्याला केबलवरून घराघरांत येत होते, आणि या विसंगतीकडे आंदोलकांचेही फारसे लक्ष गेले नाही. ज्या वाहिनीवर मालिका दिसे ती २००० च्या जुलैमध्ये पूर्ण हिंदी झाली आणि इंग्रजी मालिकांचा तेथील काळ संपला.

इराणमध्ये संघर्ष अधिक उघड होता. तेथील संसदेने १९९५ साली उपग्रह छत्र्यांवर बंदी घातली, तेव्हा परदेशी वार्ताहरांच्या बातम्यांत ‘बेवॉच’चे नाव वारंवार आले. बंदीची कारणे अर्थातच एका मालिकेपेक्षा खोल होती, पण परकीय संस्कृतीचे आक्रमण म्हणजे नेमके काय, हे दोन शब्दांत सांगायला ते नाव पुरेसे ठरत होते.

जीवरक्षकांच्या व्यवसायावर झालेला परिणाम मात्र संमिश्र होता. मालिकेत दिसणारी साधने खरी होती. लाल प्लास्टिकचा दोन्ही टोकांना निमुळता तरंगता डबा, ज्याला तिकडचे जीवरक्षक ‘रेस्क्यू कॅन’ म्हणतात, तो लॉस एंजेलिसच्याच किनाऱ्यावर घडला. शतकाच्या सुरुवातीपासून वापरात असलेले असे डबे धातूचे होते आणि लाटेत आपटले तर बुडणाऱ्यालाच इजा करत. १९६० च्या दशकाअखेरीस त्याच किनाऱ्यावरील एका जीवरक्षकाने प्लास्टिकच्या डब्याची कल्पना पुढे आणली. डब्याला बाजूंनी मुठी असतात आणि मागे दोरी व खांद्यावरचा पट्टा. बुडणाऱ्याने मुठी धरायच्या आणि जीवरक्षकाने पट्ट्याने त्याला ओढत आणायचे, म्हणजे घाबरलेल्या माणसाची मिठी टळते. बुडणारा माणूस वाचवणाऱ्यालाही खाली ओढतो, म्हणून दोघांमधले हे अंतर हाच या साधनाचा खरा उपयोग. पडद्यावर तो डबा धावणाऱ्याच्या हातातील शोभेची वस्तू झाला.

मालिकेतील एक कलाकार खऱ्या आयुष्यातही जीवरक्षक आणि अग्निशामक होता. इतरांना पोहण्याचे व सुटकेचे तंत्र शिकवता शिकवता तो स्वतःच पात्र बनला आणि जवळपास अखेरपर्यंत टिकला. २०२४ मध्ये त्याचे निधन झाले. सर्वांत मोठी तफावत राहिली ती कामाच्या स्वरूपात. जीवरक्षकाचा दिवस लोकांना धोक्याच्या जागी उतरू न देण्यात जातो, आणि लाटांच्या किनाऱ्यांवरील बहुतेक सुटका खोल समुद्राकडे ओढणाऱ्या प्रवाहांतून कराव्या लागतात. हे प्रवाह वरून शांत, सपाट पाण्यासारखे दिसतात. त्यामुळे कॅमेऱ्याला त्यांचा काही उपयोग नव्हता आणि मालिकेत शार्क, स्फोट आणि गुन्हेगार यांची गर्दी झाली. पडद्यावरचा चमूही खऱ्या लॉस एंजेलिसपेक्षा फार एकरंगी होता. पहिली कृष्णवर्णीय स्त्री जीवरक्षक प्रमुख पात्रांत यायला १९९६ उजाडले.

किनाऱ्यावरील लोकांना हा प्रभाव नेहमीच हवा होता असेही नाही. १९९८-९९ मध्ये खर्च वाचवण्यासाठी निर्मात्यांनी चित्रीकरण ऑस्ट्रेलियात हलवायचे ठरवले, सिडनीच्या ॲव्हलॉन किनाऱ्यावर दोन भागही चित्रित केले, पण रहिवाशांनी सार्वजनिक किनारा चित्रपटवाल्यांच्या ताब्यात देण्यास ठाम विरोध केला आणि बेत बारगळला. त्या देशात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून स्वयंसेवी जीवरक्षक मंडळांची परंपरा आहे. तिच्या अभिमानाचाही या विरोधात वाटा होता. मग हवाई राज्याने सवलती देऊ केल्या आणि शेवटचे दोन हंगाम तेथे झाले. इतिहासाच्या दृष्टीने ही उलटी वाट होती, कारण १९०७ मध्ये हवाईहून कॅलिफोर्नियात आलेल्या एका तरुण लाटस्वारानेच तेथे व्यावसायिक जीवरक्षणाचा पाया घातला होता. २००१ मध्ये मालिका संपली.

भारतीय वर्तमानपत्रे आजही गोव्याच्या किंवा मुंबईच्या जीवरक्षकांवरील बातमीला ‘बेवॉच’चा मथळा देतात, परंतु गोव्यात २००८ पासून खासगी संस्थेमार्फत चालणाऱ्या सेवेतील सुरक्षित पोहण्याच्या जागेच्या खुणा, म्हणजे लाल-पिवळे झेंडे, ऑस्ट्रेलियन परंपरेतील आहेत. मुंबईत गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा आणि गोराई येथे महापालिकेच्या अग्निशमन दलाच्या देखरेखीखाली जीवरक्षक असतात, आणि पावसाळ्यात आक्साच्या वाळूत पाय रुतणाऱ्या पर्यटकांना शिट्ट्या मारून बाहेर काढणे हे त्यांचे रोजचे काम असते.

२०१७ चा चित्रपट, ज्यात खलनायिकेची भूमिका भारतीय अभिनेत्रीने केली, मूळ मालिकेची थट्टा करण्यापलीकडे गेला नाही. त्यानंतर जुने भाग नव्या, सुस्पष्ट रूपात पुन्हा विक्रीस आले, तेव्हा मूळ गाण्यांचे हक्क महाग पडत असल्याने अनेक ठिकाणी संगीतच बदलण्यात आले. मालिकेच्या बऱ्याच दृश्यांचा डोलारा गाण्यांवरच उभा असल्याने जुन्या प्रेक्षकांना हे खटकले. सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा एका अमेरिकन राष्ट्रीय वाहिनीने २०२६-२७ च्या हंगामासाठी १२ भागांची नवी मालिका जाहीर केली. आता परदेशी केंद्रांना भाग-भाग करून विकण्याचा बाजार तसा उरलेला नाही आणि गच्चीवरच्या छत्र्यांची जागा इंटरनेटवरच्या प्रवाही (स्ट्रीमिंग) सेवांनी घेतली आहे. त्यामुळे खर्चाची जुळवाजुळव या वेळी वेगळ्याच हिशेबाने करावी लागणार आहे.