ख्रिस्ती अल्पसंख्याक महाविद्यालयात बी.एड.ला प्रवेश: पात्रता, सीईटी आणि कागदपत्रे

मुंबईत न्यू मरीन लाइन्सला जेझुइट धर्मगुरूंचे सेंट झेवियर्स इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन १९५३ पासून शिक्षक घडवते आहे. सांताक्रूझला सेंट तेरेसा आहे, वसईत पापडीला पुष्पांजली. अशा महाविद्यालयांबद्दल एक समज पक्का बसलेला आहे: फादरांचे पत्र आणले की प्रवेश झाला. तसे होत नाही. ख्रिस्ती उमेदवारांसाठी राखीव जागा असतात हे खरे, पण त्या जागेवरही सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, द्यावीच लागते, पदवीच्या गुणांची अट तीच राहते आणि धर्माचा पुरावा सरकारी नियमांप्रमाणे दाखवावा लागतो. संधी हुकते ती बहुतेक वेळा गुणांपायी नव्हे, कागदांपायी.

आधी वर्ग ठरवा, मग अभ्यासक्रम

पहिली ते पाचवीला शिकवायचे असेल तर बी.एड. उपयोगाचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी देवेश शर्मा प्रकरणात हे स्पष्ट केले. प्राथमिकसाठी डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचे डी.एड., करावे लागते. ते बारावीनंतर दोन वर्षांचे असते. त्याला प्रवेश परीक्षा नाही. बारावीच्या गुणांवर पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत प्रवेश होतात. खुल्या प्रवर्गाला ४९.५ टक्के आणि मागास प्रवर्गाला ४४.५ टक्के गुण लागतात.

सहावीपासून पुढे शिकवायचे असेल तर पदवीनंतर दोन वर्षांचे बी.एड. पुढची सगळी माहिती बी.एड.ची आहे.

पात्रता

कोणत्याही शाखेची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी ५० टक्क्यांनी उत्तीर्ण हवी. महाराष्ट्रातील मागास प्रवर्गांना ४५ टक्के पुरतात. विज्ञान व गणित विशेष विषय असलेल्या अभियांत्रिकी पदवीधरांना ५५ टक्के लागतात. इथे टक्केवारी वर ओढून पूर्ण करत नाहीत. ४९.८ म्हणजे ५० नव्हे. पदवीला कमी पडलेल्यांनी पदव्युत्तर पदवीचे गुण जरूर पाहावेत, दोन्हींपैकी एकात अट पूर्ण झाली तरी चालते. अंतिम वर्षाला असलेल्यांना सीईटी देता येते, फक्त प्रवेशाच्या वेळी निकाल हातात हवा.

नीट लक्षात घ्या: ख्रिस्ती असल्यामुळे पाच टक्क्यांची सवलत मिळत नाही. ती मागास प्रवर्गासाठी आहे, धार्मिक अल्पसंख्याकांसाठी नाही.

सीईटी, आणि इंग्रजीचा दुसरा पेपर

राज्य सीईटी कक्ष ही परीक्षा घेतो. अलीकडे ती मार्चमध्ये होते आणि अर्ज त्याच्या काही महिने आधी सुरू होतात. जूनमध्ये महाविद्यालयाच्या दारात चौकशीला जाणाऱ्याचे वर्ष तिथेच गेलेले असते. प्रश्न १००, वेळ ९० मिनिटे, सगळे बहुपर्यायी आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मानसिक क्षमतेवर ४०, सामान्य ज्ञानावर ३० आणि शिक्षक अभियोग्यतेवर ३० प्रश्न असतात. गुण कापले जात नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडू नका.

मुंबईतली ख्रिस्ती महाविद्यालये मुख्यतः इंग्रजी माध्यमाची आहेत. त्यासाठी ईएलसीटी हा इंग्रजी भाषेचा वेगळा पेपर द्यावा लागतो: ५० प्रश्न, ६० मिनिटे. सीईटीचा अर्ज भरतानाच हा पर्याय निवडायचा असतो. मराठी माध्यमातून शिकलेली मुले 'आपल्याला काय करायचा' म्हणून तो सोडून देतात आणि नंतर चांगले गुण असूनही इंग्रजी माध्यमाच्या यादीत त्यांचे नाव येत नाही. थोडी जरी शक्यता वाटत असेल तरी हा पेपर द्याच.

अल्पसंख्याक जागा म्हणजे नेमके काय

राज्यघटनेच्या कलम ३० (१) नुसार अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. त्यामुळे अल्पसंख्याक दर्जा मिळालेल्या महाविद्यालयात ठरावीक जागा त्या समाजासाठी असतात. उरलेल्या जागा सर्वांना खुल्या असतात आणि तिथे हिंदू, मुस्लिम, बौद्ध विद्यार्थी दरवर्षी शिकतात. कलम २८ (३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, तेव्हा त्या भीतीने अर्ज टाळू नये. मात्र कलम १५ (५) आणि १५ (६) मुळे या महाविद्यालयांत अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग किंवा आर्थिक दुर्बल घटकांचे आरक्षण लागू होत नाही. आरक्षणाच्या भरवशावर असलेल्या उमेदवाराने पर्यायांच्या यादीत सर्वसाधारण महाविद्यालयेही ठेवावीत.

ख्रिस्ती जागेसाठी कॅथलिकच असायला हवे असे नाही. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, मार थोमा, ऑर्थोडॉक्स सगळे ख्रिस्ती अल्पसंख्याकांतच मोडतात. पण या जागा महाराष्ट्रातील ख्रिस्ती उमेदवारांसाठी आहेत. गोव्यातून किंवा केरळातून आलेल्याला त्यांवर दावा करता येत नाही, त्याला इतर जागांसाठी अर्ज करावा लागतो.

धर्माचा मुख्य पुरावा म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर 'ख्रिश्चन', 'रोमन कॅथलिक', 'प्रोटेस्टंट' अशी नोंद असेल तर प्रश्न नाही. सोबत विहित नमुन्यातले अल्पसंख्याक घोषणापत्र जोडायचे. बाप्तिस्म्याचा दाखला आणि धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंचे किंवा पाळकांचे पत्र महाविद्यालये मागतात, पण ते पूरक आहेत. शाळेच्या दाखल्यावर धर्माचा रकाना कोरा असेल तर केवळ पत्रावर भागेल असे गृहीत धरू नका. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढा. बाप्तिस्मा दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये झाला असेल तर नोंद शोधून दाखला येण्यास वेळ जातो. ही कामे जानेवारीतच उरका.

सर्वात अवघड अडचण धर्मांतरित दलित कुटुंबांतल्या मुलांची होते. शाळेच्या दाखल्यावर हिंदू धर्म आणि अनुसूचित जात, घरात मात्र उपासना चर्चमध्ये. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. त्यामुळे एकाच अर्जात अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र आणि ख्रिस्ती घोषणापत्र दोन्ही लावले तर छाननीत अर्ज अडतो, आणि त्याचे परिणाम पुढे नोकरीपर्यंत जातात. हा नियम या मुलांवर अन्याय करतो असे आमचे ठाम मत आहे, पण अर्ज भरताना नियम आहे तसाच पाळावा लागतो. अनुसूचित जमातीला मात्र धर्माची अट नाही: ख्रिस्ती वारली किंवा कोकणा उमेदवाराचे जमातीचे प्रमाणपत्र चालते.

कागदपत्रे

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका (फक्त शेवटच्या नव्हे), पदवी किंवा तात्पुरते प्रमाणपत्र, शाळा आणि महाविद्यालय सोडल्याचे दाखले, अधिवास प्रमाणपत्र, आधार, सीईटी आणि ईएलसीटीचे गुणपत्रक, छायाचित्रे. मागास प्रवर्गातून अर्ज असेल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि, अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांना, चालू वर्षाचे नॉन क्रीमीलेअर प्रमाणपत्र. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांना स्थलांतर प्रमाणपत्र लागते. शिक्षणात खंड असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र, लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद.

नावांकडे विशेष लक्ष द्या. बाप्तिस्म्याचे नाव एक, शाळेतले दुसरे, हे ख्रिस्ती घरांत सर्रास असते. आडनाव एका कागदावर 'डिसोझा', दुसऱ्यावर 'डिसूझा'. इंग्रजी अक्षरांत कुठे डी नंतर अपॉस्ट्रॉफी (D'Souza), कुठे नाही. अर्जात दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसेच नाव भरा आणि बाकी फरकांसाठी 'ही एकच व्यक्ती' असे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

कॅप फेरी

सीईटीच्या निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची (कॅप) नोंदणी वेगळी करावी लागते. सीईटीचा अर्ज भरला म्हणजे हा भरला असे होत नाही. नोंदणी, कागदपत्रांची छाननी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, पर्याय भरणे, जागावाटप, आणि मुदतीत शुल्क भरून प्रवेश निश्चित करणे, असा क्रम असतो. नोंदणीतल्या अल्पसंख्याक रकान्यात 'ख्रिश्चन' निवडायला विसरू नका. तात्पुरत्या यादीत नावापुढे ती नोंद दिसली नाही तर हरकतीच्या मुदतीतच दुरुस्ती होते, अंतिम यादीनंतर नाही. अल्पसंख्याक जागा काही ठिकाणी कॅपमधून भरतात, काही ठिकाणी संस्था स्तरावर. महाविद्यालयाची सूचना वाचा आणि संस्थेचा वेगळा अर्ज असेल तर तोही वेळेत द्या.

विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते जाहीर असते. त्याहून जास्त कोणी मागितले तर देऊ नका. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि राज्य अल्पसंख्याक शिष्यवृत्ती पाहा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीवर पाणी सोडावे लागते, म्हणून कोट्याची चौकशी पैसे भरण्यापूर्वी करा.

आत गेल्यावर

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) २०१४ च्या नियमांनुसार वर्षाला किमान २०० दिवसांचे काम, वर्गात ८० टक्के आणि शाळेतल्या प्रशिक्षणात ९० टक्के हजेरी लागते. शाळेत एकूण २० आठवडे घालवायचे असतात, त्यातले १६ सलग टप्प्यात. दोन वर्षांचा अभ्यासक्रम जास्तीत जास्त तीन वर्षांत पूर्ण करावा लागतो. खासगी शाळेतली नोकरी चालू ठेवून बी.एड. उरकू म्हणणारे याच हजेरीत अडकतात. मेथड विषय, म्हणजे ज्यांची अध्यापन पद्धती शिकायची ते शालेय विषय, पदवीच्या विषयाशी जुळणारे घ्या, कारण नेमणुकीच्या वेळी दोन्ही एकत्र पाहिले जातात.

बी.एड. झाल्यावर सहावी ते आठवीसाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर लागतो: १५० प्रश्न, उत्तीर्ण होण्यास ६० टक्के, मागास प्रवर्गाला ५५. एकदा उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र आजन्म चालते. अल्पसंख्याक शाळांना टीईटीची सक्ती करता येते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात मोठ्या पीठाकडे विचारार्थ पाठवला. ख्रिस्ती शाळेतच नोकरी करायची असली तरी त्या निर्णयाची वाट पाहत बसू नका, टीईटी देऊन ठेवा.