रेडियमची पट्टी पाठीवर नको, घोट्याला बांधा

पहाटे पाचला सिंहगडाकडे सायकल काढली की खडकवासल्याच्या पुढे मागून डंपरचा आवाज येतो आणि त्याला आपण दिसतोय का एवढाच प्रश्न डोक्यात राहतो, म्हणून परवा रेडियमच्या पट्ट्या आणल्या (दुकानात रेडियमच म्हणावं लागतं, त्यात रेडियमचा कणही नसतो).

या पट्टीत काचेचे बारीक मणी नाहीतर इवलेसे प्रिझम असतात आणि ते उजेड जिकडून आला तिकडेच परत पाठवतात. घरी अंधार करा, मोबाईलचा टॉर्च डोळ्याला चिकटवून पट्टीकडे बघा, लख्ख पेटेल, मग डोकं न हलवता टॉर्च हातभर बाजूला न्या, पट्टी एकदम राखाडी चिंधी. ड्रायव्हरचे डोळे हेडलाईटपासून फार लांब नसतात म्हणून त्याला ती चमकते, टपरीवर चहा पित उभ्या असलेल्याला नाही.

ते भडक पोपटी जॅकेट दिवसा भारीच, कारण त्यातला रंग उन्हातले अतिनील किरण खाऊन वर आणखी उजेड फेकतो, पण हेडलाईटमध्ये ते किरण जवळपास नसतातच, म्हणजे रात्री जॅकेटवर पट्टी नसेल तर ते साधं कापडच.

आता पट्टी लावायची कुठे, खरी गंमत इथेच आहे. १९७३ साली स्वीडनच्या गुन्नार योहान्सन या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग छापला, माणसाच्या सांध्यांवर दहा-बारा चमकते ठिपके, बाकी सगळं काळं. माणूस स्थिर असला की नुसते विखुरलेले ठिपके, पण चालायला लागला रे लागला की बघणाऱ्याला क्षणात कळतं, अरे हा तर माणूस! आपला मेंदू या हालचालीला फार तयार असतो.

पाठीवरची पट्टी एका जागी तरंगते, ती बोर्डही असू शकते किंवा बंद पडलेल्या ट्रकचा रिफ्लेक्टरही. घोटा मात्र गोल गोल खालीवर होतो, रस्त्यावर दुसरं काहीच तसं हलत नाही, शिवाय डिपरचा झोत खाली असतो त्यामुळे पायांवर आधी पडतो. ताशी ६० ने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते, तेव्हा ओळख एक सेकंद आधी पटली तरी खूप झालं.

पेडलवरचे ते केशरी रिफ्लेक्टरही यासाठीच असतात, मी मात्र नवीन पेडल टाकताना ते काढून टाकले होते, आता माळ्यावर शोधतोय.