प्रभावी द्रायू (कृष्ण ऊर्जेचे प्रतिमान)

गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलला की समीकरणात काही जादा पदे येतात. ती सगळी एका कल्पित द्रायूच्या (वायू किंवा द्रवासारख्या वाहत्या पदार्थाच्या) खात्यावर टाकून त्याची घनता व दाब काढायचा, आणि हाच द्रायू कृष्ण ऊर्जेचे, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाला वेग देणाऱ्या अज्ञात घटकाचे, काम करतो असे धरायचे, या पद्धतीला प्रभावी द्रायू प्रतिमान म्हणतात. नावावरून फसू नये; यात वाहणारे काही नाही, ही हिशेबाची सोय आहे.

विश्वाचे प्रसरण वेग घेत आहे, हे 1998 मध्ये दूरच्या अतिदीप्त नवताऱ्यांच्या (स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांच्या) निरीक्षणांवरून दिसले. त्यासाठी पर्लमटर, श्मिट व रीस यांना 2011 चे नोबेल पारितोषिक मिळाले. असा प्रवेग यायचा तर एकूण दाब ऋण हवा, आणि तोही पुरेसा: दाब व ऊर्जाघनता यांचे गुणोत्तर (डब्ल्यू) उणे एक-तृतीयांशाच्याही खाली. अंतरे दुप्पट झाली की साध्या द्रव्याची घनता आठपट घटते. डब्ल्यू उणे 1 असलेल्या द्रायूची मात्र तसूभरही घटत नाही. आइन्स्टाइनने 1917 मध्ये घातलेला विश्वस्थिरांक लॅम्डा समीकरणाच्या डावीकडून, म्हणजे भूमितीच्या बाजूने, उजवीकडे द्रव्याच्या बाजूला नेला की नेमका असाच द्रायू मिळतो.

एफ(आर) सिद्धांतांत हीच युक्ती पुढे नेली आहे. तेथे गुरुत्वाकर्षणाच्या मूळ सूत्रातील अवकाशकालाची वक्रता आर हिच्या जागी तिचे एखादे फलन (तिच्यावर अवलंबून असलेली राशी) घेतात. उजवीकडे नेलेल्या पदांत त्या फलनाचे विकलज (आर बदलताना होणाऱ्या बदलाचा दर) आणि त्याचा कालानुसार बदलही येतो. फलन ‘आर वजा 2 लॅम्डा’ घेतले तर विकलज 1 होतो, बाकीची पदे गळतात आणि लॅम्डाच उरतो. भूमितीच्या एका नित्यसमीकरणामुळे हा द्रायू ऊर्जा-अक्षय्यतेचा नियमही पाळतो, म्हणून तो खऱ्यासारखा वाटतो.

पण त्याचा डब्ल्यू उणे 1 ओलांडू शकतो, आणि घनता शून्यातून गेली तर अनंतही होतो. खऱ्या द्रायूत हे दुखणे ठरले असते. येथे तो बहुधा मांडणीचा परिणाम असतो. समीकरणाला विकलजाने आधी भागले की नाही, एवढ्यावरही डब्ल्यू बदलतो, प्रसरणाचा दर मात्र तोच राहतो. म्हणून दोन शोधनिबंधांतले डब्ल्यूचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी व्याख्या तपासलेली बरी.

नुसत्या प्रसरणावरून खरा द्रायू आणि बदललेले गुरुत्वाकर्षण वेगळे ओळखता येत नाहीत. फरक दीर्घिकांच्या जडणघडणीत दिसू शकतो: एफ(आर) मध्ये ठरावीक अंतरांच्या आत गुरुत्वाकर्षण एक-तृतीयांशापर्यंत वाढते, आणि प्रकाश वाकवणारे विभव (गुरुत्वाचा प्रभाव मोजणारी राशी) व द्रव्य ओढणारे विभव यांचे नेहमीचे नाते बदलते. दुसरी कसोटी गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशकालात पसरणाऱ्या तरंगांची. 17 ऑगस्ट 2017 रोजी सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवरच्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या लहरींपाठोपाठ अवघ्या 1.7 सेकंदांत गॅमा किरण पोहोचले. लहरींचा वेग बदलणारी बरीच प्रतिमाने त्या दिवशी बाद झाली. एफ(आर) टिकले, कारण त्यात हा वेग मुळातच प्रकाशाइतका असतो.