चूक होऊ न देता शिकवणे : मेंदूच्या दुखापतीनंतरच्या एका पद्धतीची पार्श्वभूमी

मेंदूला मार बसल्यावर गेलेली स्मरणशक्ती परत आणायची, की ती येणार नाही असे धरून रोजचे जगणे मार्गी लावायचे, हा वाद जुना आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीत डोक्याला जखम झालेल्या सैनिकांसाठी खास केंद्रे निघाली, दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघात आणि ब्रिटनमध्ये. १९४७ साली एका ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने सरावाने क्षमता परत मिळवणे, शाबूत क्षमतेकडून तेच काम करून घेणे आणि उणीव धरून जुळवून घेणे अशा तीन वाटा मांडल्या. १९८० च्या दशकात संगणक आले आणि पहिल्या वाटेवर गर्दी झाली. रुग्ण पडद्यावरच्या शब्दयाद्या तासन्‌तास घोकत. त्या यादीतले गुण वाढत, पण दुपारची गोळी घ्यायची तेवढी राहून जाई.

वळण आले १९९४ मध्ये, ब्रिटनमधल्या एका प्रयोगाने. तीव्र विस्मरण झालेल्या १६ जणांना दोन प्रकारे शब्द शिकवले गेले. एका प्रकारात शब्दाची पहिली दोन अक्षरे देऊन अंदाज करायला लावले आणि काही चुकीचे अंदाज झाल्यावरच बरोबर शब्द सांगितला. दुसऱ्यात अक्षरे देतानाच शब्दही सांगून तो लिहून घेतला. दुसऱ्या प्रकाराने शिकवलेले ठळकपणे जास्त टिकले. ही कल्पना मुळात पक्ष्यांवरच्या प्रयोगांतली. १९६३ मध्ये अमेरिकेत कबुतरांना लाल-हिरव्या दिव्यांतला फरक जवळजवळ एकही चूक न होऊ देता शिकवला गेला होता. चुकीचा दिवा सुरुवातीला अगदी मंद आणि क्षणभरच लावायचा, एवढीच युक्ती.

हे का चालते, यावरून मात्र बरीच जुंपली. मूळ संशोधकांचे म्हणणे असे : ‘मघाशी मी चुकलो होतो’ हे आठवले तरच चूक टाळता येते. ती आठवणच बनत नसेल, तर नकळत साठणारी स्मृती तेवढी उरते. तिला बरोबर-चूक कळत नाही, जे आधी तोंडातून निघाले तेच ती पक्के करते. विरोधकांच्या मते रुग्णात जाणीवपूर्वक स्मृती थोडी तरी शिल्लक असते आणि फायदा तिचाच होतो. प्रयोग दोन्ही बाजूंना थोडे थोडे झुकले. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना पहिली मांडणी जास्त उपयोगी पडते, कारण नातेवाइकांना ती चटकन समजते. ‘आठवून बघा बरं, मी कोण?’ असे विचारणारे घर दररोज एक चुकीचे उत्तर पक्के करत असते.

पद्धत दिसते सोपी, बिघडते लवकर. कामाचे लहान टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्पा करून दाखवायचा, मग हात धरून करवून घ्यायचा आणि मदतीच्या खुणा एकेक करून कमी करायच्या. नाव किंवा पत्ता शिकवायचा असेल तर ३० सेकंदांनी विचारायचे, मग १, २, ४, ८ मिनिटांनी. अडखळला की थांबायचे नाही, उत्तर लगेच द्यायचे आणि जमलेल्या शेवटच्या अंतरावर परत यायचे. खुणा घाईने कमी केल्या की रुग्ण अंदाज करू लागतो. सकाळच्या आणि संध्याकाळच्या थेरपिस्टने टप्प्यांचा क्रम वेगळा ठेवला तर आठवड्याची मेहनत वाया जाते. आणि एका खोलीत शिकलेले दुसऱ्या खोलीत आपोआप जात नाही, म्हणून जिथे करायचे तिथेच शिकवावे लागते.

पुढे जुळवून घेण्याची वाट आणखी रुंद झाली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १४३ जणांवरच्या पेजरच्या (ठरल्या वेळी संदेश देऊन आठवण करणाऱ्या छोट्या यंत्राच्या) चाचणीत ठरलेली कामे वेळेवर होण्याचे प्रमाण स्पष्ट वाढले, आणि पेजर परत घेतल्यावरही बऱ्याच जणांत ते काही आठवडे टिकले. आता तेच काम मोबाईल करतो.

खरा धक्का २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातून आला. मेंदूला जबर मार बसलेल्या ५४ जणांना स्वयंपाकासारखी कामे दीड-दीड तासाच्या आठ सत्रांत शिकवली गेली. ज्यांना चुका करू दिल्या, क्षणभर वाट पाहिली आणि मग सूचना दिली, त्यांच्या नंतरच्या चुका कमी झाल्या आणि स्वतःच्या उणिवांची जाणीवही वाढली. ही मंडळी १९९४ च्या रुग्णांसारखी निव्वळ विस्मरणाची नव्हती, हे दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवताना बरेचदा विसरले जाते. दुरुस्त केलेली चूक अर्ध्या तासाने रुग्णाला आठवते का, हे तपासल्याशिवाय दोहोंपैकी कोणतीच पद्धत निवडू नये.