हृदयाची विद्युत् क्रिया

हृदयाच्या स्नायूला आकुंचन करायला लावणारे सूक्ष्म विद्युत् आवेग हृदयातच उत्पन्न होऊन ठरावीक मार्गाने पसरतात; या घडामोडीला हृदयाची विद्युत् क्रिया म्हणतात. मेंदूकडून येणाऱ्या चेता (मज्जातंतू) ठोक्यांची गती कमी-जास्त करतात, ठोका सुरू करत नाहीत. प्रत्यारोपणात चेता तुटूनही हृदय धडधडते ते यामुळेच. उलट विश्रांतीत वेग मंदावणारी व्हेगस चेता नसल्याने असे हृदय मिनिटाला ९० ते ११० ठोके देते.

आवेगाचा उगम उजव्या अलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) वरच्या भागातील एसए नोड या पेशींच्या पुंजक्यात होतो. कीथ आणि फ्लॅक या शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. येथील पेशी विद्युत्‌दृष्ट्या कधीच स्वस्थ नसतात. आधी सोडियम, मग कॅल्शियमचे आयन (विद्युत्‌भारित कण) आत झिरपतात आणि ठरावीक विद्युत् पातळी ओलांडताच आवेग सुटतो. प्रौढांत हे मिनिटाला ६० ते १०० वेळा घडते.

अलिंदे आणि निलये (हृदयाचे खालचे कप्पे) यांच्यामध्ये वीज न वाहणारा तंतुमय पडदा असतो. निरोगी हृदयात तो ओलांडायची वाट एकच, एव्ही नोड हा दुसरा पुंजका. सुनाओ तावारा या जपानी शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये जर्मनीत काम करताना तो शोधला. येथे आवेग सुमारे ०.१ सेकंद रेंगाळतो. हा उशीर म्हणजे यंत्रणेतला दोष नव्हे. खरे कौशल्य त्यातच आहे. तेवढ्या वेळात अलिंदातले रक्त निलयांत उतरते. अलिंदांत मिनिटाला ३५० हून अधिक बेशिस्त आवेग उठतात, त्या विकारात हीच चौकी बहुतेक आवेगांना अडवते. काही माणसांना जन्मतःच पडद्यातून दुसरी चोरवाट असते. त्यांच्यात अशा वेळी निलये जीवघेण्या वेगाने धावू शकतात.

पुढे हिसचा जुडगा, त्याच्या दोन शाखा आणि पुर्किन्ये तंतू या निलयांत पसरलेल्या वाहक तंतूंतून आवेग सेकंदाला २ ते ४ मीटर वेगाने जातो व दोन्ही निलये जवळजवळ एकदम आकुंचतात.

शरीरावर उमटणारे याचे पडसाद ईसीजीत (हृदयाच्या विद्युत् आलेखात) टिपले जातात. ही पद्धत विकसित करणारे आइंटहोवेन १९२४ च्या नोबेलचे मानकरी ठरले. पी तरंग अलिंदांचा, क्यूआरएस निलयांच्या उद्दीपनाचा, टी त्यांच्या पूर्ववत होण्याचा. एसए नोडचा स्वतःचा आवेग इतका क्षीण, की कागदावर तो दिसतच नाही. ईसीजी ‘नॉर्मल’ आला म्हणून हृदयाच्या धमन्यांत अडथळा नाही असे समजणेही चूक.

एसए नोड थकला तर एव्ही नोडच्या परिसरातील पेशी ४० ते ६०, आणि त्याही गप्प झाल्या तर निलयांतील पेशी २० ते ४० ठोक्यांवर काम भागवतात. हे पुरत नाही तेव्हा पेसमेकर, म्हणजे कृत्रिम आवेग देणारे यंत्र, लागतो. १९५८ मध्ये स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर काही तासांतच बंद पडला. लार्सन मात्र यंत्रे बदलत २००१ पर्यंत जगले.